समुद्राकाठची सुट्टी : घेण्याची की देण्याची?

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या साऱ्या घाटवाटा वाहनांनी भरून जातात. कुणी गगनबावड्यावरून, कुणी फोंडा घाटाने, तर कुणी आंबोलीमार्गे खाली उतरतो. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले आणि तेथून पुढे गोवा, ही या प्रवासाची ठरलेली ठिकाणे. नोकरीचे, व्यापाराचे, परीक्षांचे ओझे चार दिवस उतरवून कुटुंबासह समुद्र पाहावा, मुलांना वाळूत खेळू द्यावे, सोलकढीसह ताज्या मासळीचे जेवण जेवावे, यात गैर काहीच नाही. डोंगराच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाला समुद्राची ओढ असणे स्वाभाविक आहे. आक्षेप या ओढीला नाही. विचार करायचा तो एवढाच की, या चार दिवसांत घाटावरचा समाज किनाऱ्याकडे कोणत्या नात्याने पाहतो. तो तेथे पाहुणा म्हणून जातो, यात्रेकरू म्हणून जातो, की केवळ गिऱ्हाईक म्हणून?

करवीरनगरीला या प्रश्नाचे मर्म समजावून सांगण्याची गरज पडू नये. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव हा हव्या त्या दिवशी, हव्या त्या ठिकाणी साजरा करता येणारा सोहळा नव्हे. ९ नोव्हेंबरच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याची किरणे महाद्वाराच्या दिशेने गाभाऱ्यात येतात आणि देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. मंदिराची दिशा, सूर्याचे अयन आणि मधला मोकळा मार्ग या तिन्हींचा मेळ जमतो, तेव्हाच हा उत्सव घडतो. त्या मार्गात इमारती आणि फलक उभे राहिले की किरणे अडतात, हे कोल्हापूरकरांनी स्वतः अनुभवले आहे. ते अडथळे दूर करावेत म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षे आवाज उठविला आहे. उत्सव भूमीच्या रचनेतून जन्माला येतो आणि ती रचना बिघडली की केवळ गर्दी उरते, ही जाण कोल्हापूरच्या अंगी मुरलेली आहे. मग हीच जाण घाट उतरताना मागे का राहावी?

समुद्राने आखलेले पंचांग

किनाऱ्याचे स्वतःचे पंचांग आहे आणि ते समुद्राने आखलेले आहे. नैऋत्य मोसमी वारे सुटले की दर्या खवळतो. होड्या वर ओढल्या जातात, जाळी आवरली जातात. अनेक जातींच्या मासळीची वीण याच काळात होते. शासनाने १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला गेली अनेक वर्षे बंदी घातली आहे. परंतु कायद्याच्या पुष्कळ आधीपासून किनाऱ्याने समुद्राला ही विश्रांती दिलेली आहे. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला यांमधील प्रवासी होड्याही पावसाळ्यात बंद असतात. मग श्रावणी पौर्णिमेला, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, मालवणच्या बंदरावर समाज एकत्र येतो. सागराला नारळ अर्पण होतो, नारळ लढविण्याचे खेळ रंगतात आणि त्यानंतर होडी पुन्हा पाण्यात जाते. आधी संयम, मग अर्पण, मग उपभोग असा हा क्रम आहे.

मालवण तालुक्यातील मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्या जत्रेची तारीख छापील दिनदर्शिकेत सापडत नाही. देवीचा कौल घेऊन ती ठरविली जाते आणि मग मुंबईतील चाकरमानी रजेचा अर्ज भरतो. लाखो भाविक जमतात. पण केव्हा जमायचे, हे त्यांनी ठरवलेले नसते.

याच तालुक्यातील आचरे गावची गावपळण तर त्याहून विलक्षण आहे. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होतो आणि अवघे गाव तीन दिवस, तीन रात्रींसाठी रिकामे होते. माणसे गुराढोरांसह वेशीबाहेर जातात, राहुट्या उभारतात, तेथेच चुली पेटवतात, भजने करतात. घरे, रस्ते, बाजारपेठ सारे निःशब्द होते. पुन्हा कौल झाला की गाव परत येते. या प्रथेमागे आरोग्याचा विचार असेल, श्रद्धेचा असेल किंवा दोन्हींचा असेल. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. अवघे गाव स्वतः बाजूला होऊन भूमीला सुट्टी देते, अशी प्रथा या किनाऱ्यावर आजही जिवंत आहे.

नारळी पौर्णिमा, भराडी देवीची जत्रा आणि गावपळण यांतून एकच सूत्र दिसते. किनाऱ्यावरच्या माणसाने सण साजरा करताना स्वतःला मालक मानलेले नाही. त्याने कधी समुद्राला, कधी गावभूमीला सुट्टी दिली आणि मग आनंद घेतला. ३१ डिसेंबरच्या रात्रीचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. तेथे सुट्टी फक्त घ्यायची असते. ती कोणापासून घेतली, त्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न पहाटे वाळूत पडलेल्या बाटल्यांबरोबर मागे सोडला जातो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ हा त्यांच्या श्रद्धेचा सण आहे. तो घरात आणि प्रार्थनामंदिरात साजरा होतो आणि त्याच्याशी कोणाचाही वाद असण्याचे कारण नाही. मद्य, कर्णकर्कश संगीत आणि भाडे यांच्या व्यापाराने उभा केलेला वर्षअखेरीचा बाजार ही निराळीच वस्तू आहे. त्या बाजाराला ना धर्म आहे, ना देश. उद्या दुसऱ्या एखाद्या तारखेत अधिक नफा दिसला, तर तो तीही तारीख साजरी करील. दुर्दैवाची गोष्ट अशी की, या बाजाराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सुशिक्षित मध्यमवर्गीय हिंदू समाजच आहे. दोष परक्यांच्या माथी मारून हात झटकणे सोपे असते. येथे ती सोय नाही.

अठ्ठेचाळीस एकरांचे बेट

किनारा लांबलचक असतो. एक पुळण बिघडली तर पर्यटक पुढच्या पुळणीवर जातो. त्यामुळे भूमीला मर्यादा आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. बेटावर मात्र ही मर्यादा डोळ्यांसमोर असते. म्हणूनच सिंधुदुर्गाकडे नीट पाहिले पाहिजे.

मालवणच्या समुद्रातील कुरटे बेट छत्रपती शिवाजी महाराजांनी निवडले. मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्याजवळ पूजन होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांत ते पूर्णत्वाला गेले. बेटाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर, आणि भोवतीच्या वळणावळणाच्या तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर. पायात शिसे ओतून चिरे बसविले गेले. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट यांची साथ त्याला देण्यात आली. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, इंग्रज आणि डच या सर्वांच्या नजरा ज्या पाण्यावर होत्या, त्या पाण्यात स्वराज्याची सत्ता उभी राहिली.

या निवडीचे रहस्य बेटाच्या पोटात आहे. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. लहान बेटावर नदी नसते, धरण नसते. पावसाचे जे पाणी भूमीत मुरते, तीच तेथील सारी शिल्लक. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे ते वरच्या थरात टिकून राहते. उपसा वाढला की खालून खारेपण वर चढते आणि एकदा चढलेले खारेपण सहजी उतरत नाही. विहिरींना दूध, दही, साखर अशी नावे देणाऱ्या पूर्वजांना हे मोल कळत होते. दूधदुभते जपून वापरायचे असते, हे घरातल्या गृहिणीला सांगावे लागत नाही.

कोल्हापूरच्या वाचकाला तर सिंधुदुर्ग परका असूच शकत नाही. गडावरील श्रीशिवराजेश्वराचे मंदिर छत्रपती राजाराम महाराजांनी उभारले आणि त्यांच्याच महाराणी ताराबाई यांनी पुढे करवीरच्या गादीचा पाया घातला. सिंधुदुर्ग हे कोल्हापूरच्या राज्याचे समुद्राकडे उघडणारे दार होते. १७६५ साली इंग्रजांनी तो जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. परंतु पुढच्याच वर्षी त्यांना तो कोल्हापूरकरांकडे परत द्यावा लागला. अखेर १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांच्या हाती गेले. आपल्या समुद्रात आपले आरमार बाळगणाऱ्यांना ‘चाचे’ ठरविण्याची चतुराई इंग्रजांनी तेव्हाही दाखविली होती. समुद्राकडचे ते दार बंद झाले आणि कोल्हापूरच्या मनातून समुद्र हळूहळू पुसला गेला. तो पुन्हा आला तो सहलीच्या माहितीपत्रकातून.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या मोजून दाखविल्या, त्यांतील एक सिंधुबंदी ही होती. समुद्र ओलांडणे पाप मानणाऱ्या समाजाने स्वतःच स्वतःला कोंडून घेतले आणि व्यापारही गमावला, स्वातंत्र्यही गमावले. शिवछत्रपतींनी ही बेडी तोडून आरमार उभारले. आज समुद्र ओलांडण्याची बंदी कोणी पाळत नाही. मात्र समुद्राविषयीचे अज्ञान कायम आहे. पूर्वीचा समाज समुद्राला भिऊन दूर राहिला. आजचा समाज समुद्राच्या कडेला चार रात्री राहतो आणि तरीही दूरच असतो. ही दुसरी सिंधुबंदी मनाची आहे.

डिसेंबरच्या विसरलेल्या तिथी

ज्या महिन्यात किनाऱ्यांवर सर्वाधिक गर्दी होते, त्याच डिसेंबरमध्ये भारताच्या सागरी इतिहासातील काही तेजस्वी दिवस एकवटले आहेत. ४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या युद्धात कराची बंदरावर केलेल्या हल्ल्याचे ते स्मरण. २०२३ साली हा दिवस सिंधुदुर्गाच्या साक्षीने मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला. त्याआधी २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या ध्वजावरील परकीय क्रूस जाऊन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी मुद्रा आली होती.

१८ आणि १९ डिसेंबर हे गोवामुक्तीचे दिवस. १९६१ साली कारवारजवळचे अंजदीव बेट मुक्त करताना भारतीय नौसैनिकांनी प्राण दिले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आणि ३० डिसेंबर? १९४३ साली याच दिवशी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी अंदमानात, पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकविला. बरोबर ७५ वर्षांनी, ३० डिसेंबर २०१८ रोजी, तेथील हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप, नील बेटाचे नाव शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम् आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य कुटुंबे अंदमानला जातात, सेल्युलर कारागृहात नतमस्तकही होतात. परंतु स्वराज द्वीपाच्या वाळूवर ३१ तारखेची तयारी करणाऱ्या किती कुटुंबांना आदल्या दिवसाचे मोल ठाऊक असते? नावे बदलली, हे उत्तमच झाले. पण ती नावे मुलांना समजावून सांगणारे आईवडील नसतील, तर फलकावरचे अक्षर फलकावरच राहते.

घाईचा धडा

केवळ इतिहासाचा जयघोष करूनही भागत नाही, हा धडा मालवणनेच दिला आहे. राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. प्रत्येक शिवभक्ताचे मन त्या दिवशी विदीर्ण झाले. २०२५ च्या मे महिन्यात तेथे नवा भव्य पुतळा उभा राहिला, हे समाधानाचे आहे. परंतु समोरच्याच समुद्रात साडेतीन शतके लाटा झेलणारी तटबंदी उभी आहे आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात नऊ महिन्यांत पुतळा पडतो, याचा अर्थ लावलाच पाहिजे. समुद्राला घाई मान्य नाही. खारा वारा आणि लाट यांचा अभ्यास करून, स्थानिकांच्या अनुभवाला विचारून जे केले जाते, तेच तेथे टिकते. हा नियम पुतळ्याला लागू आहे, तसाच पर्यटनालाही लागू आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील १२ दुर्गांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे आणि सिंधुदुर्गही आहे. कोल्हापूरच्या दृष्टीने हा दुहेरी अभिमानाचा क्षण. पण जागतिक वारशाबरोबर जागतिक गर्दीही येते. पन्हाळ्याच्या डोंगरावर ती थोडीफार पसरून जाईल. ४८ एकरांच्या बेटावर ती पसरणार कोठे? तेथील तीन विहिरी, तेथील मंदिर, पिढ्यान्‌पिढ्या तटाच्या आत राहणारी मोजकी कुटुंबे, भोवतालच्या पाण्यातील प्रवाळ या सर्वांची सहनशक्ती ठरलेली आहे. गडाभोवतीचा समुद्र १९८७ सालीच अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे, हेही किती पर्यटकांना ठाऊक असते?

पोटाचा प्रश्न

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. कोकणातील तरुणाने किती पिढ्या मुंबईची वाट धरायची? सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून गावात चार पैसे येऊ लागले. न्याहारी-निवासाची सोय करणाऱ्या घरांतील स्त्रियांच्या हाती स्वतःची मिळकत आली, होडीवाल्याला मासळी नसताना प्रवासी मिळाले. घाटावरच्या सुखवस्तू माणसाने त्यांना संयमाचे पाठ देणे हा अन्याय नव्हे काय? अभयारण्याच्या निर्बंधांना मच्छीमारांनी जो विरोध केला, तोही पोटाच्या चिंतेतूनच.

हा आक्षेप डावलण्यासारखा नाही. किनाऱ्यावरील माणसाला पर्यटन हवे आहे आणि ते मिळालेच पाहिजे. मात्र कोणते पर्यटन त्याच्या घरात पैसा पोहोचविते, हे तपासावे. एका रात्रीच्या धिंगाण्याचा नफा बहुधा मद्यविक्रेत्याच्या आणि बाहेरून आलेल्या गुंतवणूकदाराच्या खिशात जातो. कचरा, भांडणे आणि वाढलेले जमिनीचे भाव गावाच्या वाट्याला येतात. बापजाद्यांची माडाची बाग एकदा विकली की पुढची पिढी त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या हॉटेलात नोकर होते. उलट, जो पाहुणा गावातल्या घरात तीन दिवस राहतो, घरची वडे-सागोती जेवतो, कोकम आणि खाजा विकत घेतो, दशावतार पाहायला रात्र जागवितो, त्याचा रुपया गावातच फिरतो. संयम आणि रोजगार यांत वैर नाही. विहीर खारी झाली, प्रवाळ मेला, मासळी हटली, तर मात्र रोजगारही जाईल आणि गावही.

यात्रेकरूचा आचार

उपदेश पुष्कळ झाला, आचरण काय करावे, असे कार्यकर्ता विचारील. त्याचे उत्तर कठीण नाही. वर्षातून एकदाच समुद्राकडे जाणे शक्य असेल, तर ते ३१ डिसेंबरलाच का? नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर, महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर, भराडी देवीचा कौल झाल्यावर आंगणेवाडीला जाता येते. सिंधुदुर्गावर पाऊल ठेवताना प्रथम श्रीशिवराजेश्वराचे दर्शन घ्यावे, पिण्याचे पाणी सोबत न्यावे आणि नेलेली प्रत्येक वस्तू, कचऱ्यासह, परत आणावी. घाट उतरताना जेवढे डबे, बाटल्या आणि पिशव्या गाडीत होत्या, तेवढ्याच घाट चढताना असाव्यात, ही शिस्त आईवडिलांनी मुलांकडून खेळासारखी पाळून घेतली, तर कुटुंबप्रबोधनासाठी वेगळी बैठक भरवावी लागणार नाही.

कोल्हापूरच्या तरुणांना हे अवघड जाऊ नये. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ही वाट ते चिखल तुडवीत चालतात. बाजीप्रभूंच्या स्मरणाने चालणारा तरुण त्या वाटेवर मद्याची बाटली फोडत नाही, कारण आपण कोठे आलो आहोत, हे त्याला ठाऊक असते. हीच मोहीम जलदुर्गांपर्यंत पोहोचली पाहिजे. शाखा, तालमी, गणेश मंडळे आणि वाचनालये यांनी वर्षातून एक सिंधुदुर्ग यात्रा ठरवावी; मालवणच्या मच्छीमार कुटुंबांना पाहुणे म्हणून कोल्हापुरात बोलवावे आणि समुद्राच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. नाते दोन्ही बाजूंनी चालते राहिले, तरच ते नाते.

शासनाचेही कर्तव्य आहे. सिंधुदुर्गावर एका दिवसात किती माणसांनी जावे, याची मर्यादा गडावरील रहिवासी, होडीवाले आणि पुरातत्त्व खाते यांनी एकत्र बसून ठरवावी आणि ती सर्वांनी पाळावी. गाभाऱ्यात एका वेळी किती जणांनी जावे, हे ठरविल्याने देवाचे महत्त्व कमी होत नाही. गडाचेही होणार नाही.

पुढच्या डिसेंबरात घाटवाटा पुन्हा भरतील. त्या भराव्यातच, समुद्राकडे पाठ फिरविण्याची चूक हिंदू समाजाने एकदा केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. खाली उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निघण्यापूर्वी घरात एवढेच ठरवावे की, या वेळी किनाऱ्याकडून काय घ्यायचे, आणि त्याआधी त्याला काय द्यायचे.